जमिनीची पकड आणि कार्टची जुळणी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस नवल वाटेल. तालुक्याच्या गांवीं मुलांना गणित शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या शिक्षकानें शर्यतीच्या गाडीविषयीं काय बोलावें, असा प्रश्न सुचणें साहजिक आहे. परंतु कार्ट नांवाची ही गाडी अशी आहे कीं तिच्यांत झांकलेलें असें कांहींच नाहीं. चार लहान चाकें, पोलादी नळ्यांची एक चौकट, एक बैठक आणि पाठीशीं एक छोटें एंजिन, इतकाच तिचा संसार. जें उघड्यावर आहे तें समजून घेण्यास मोठी पदवी लागत नाहीं. वर्तुळाचें माप, तरफेचा नियम आणि थोडें निरीक्षण एवढी शिदोरी पुरते. शिवाय आमचें चौक हें गांव जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर वसलेलें आहे. चाकाचें आणि रस्त्याचें केव्हां जमतें व केव्हां बिनसतें, हें पाहण्यासाठीं आम्हांला लांब जावें लागत नाहीं.

ही गाडी प्रथम कोणी केली? १९५६ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत आर्ट इंगल्स नांवाच्या कारागिरानें नळ्यांच्या चौकटीवर गवत कापण्याच्या यंत्राचें एंजिन बसवून पहिली कार्ट तयार केली. हा गृहस्थ शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यांत कामास होता. खेळणें म्हणून जन्मलेली ती वस्तु पुढें सर्व जगभर पसरली, आणि आज मोटार-शर्यतींतील बहुतेक नामांकित चालकांची ती पहिली शाळा झाली आहे. आपल्या महाराष्ट्रांत या खेळाचें एक ठिकाण म्हणजे कोल्हापूर. ओतकाम व यंत्रकाम यांविषयीं प्रसिद्ध असलेल्या या शहरीं मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टचा मार्ग आहे, आणि २०१० नंतरच्या दशकांत राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तेथें झालेल्या आहेत. त्याखेरीज अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी आपल्या हातांनीं नळ्या कापून, जोडून कार्ट तयार करतात आणि देशांतील स्पर्धांना नेतात. आजचें भाषण मुख्यतः अशा मुलांसाठीं आणि त्यांचा खर्च सोसणाऱ्या पालकांसाठीं आहे.

कार्ट आणि साधी मोटार यांत दोन मोठे भेद आहेत. मोटारीला स्प्रिंगा असतात; कार्टला मुळींच नसतात. दुसरा भेद मागील आंसाचा. कार्टचा मागचा आंस एकसंध असून दोन्ही चाकें त्याला घट्ट बांधलेलीं असतात. एक फिरलें कीं दुसरें तितकेंच फिरलें पाहिजे. या दुसऱ्या भेदांतच आजच्या विषयाची किल्ली आहे.

शाळेंतील कवायत आठवा. मुलांची आडवी रांग वळूं लागली म्हणजे आंतला मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पाय आपटतो, आणि टोंकाचा मुलगा ढेंगा टाकीत धांवतो. चाकांचेंहि तसेंच. कार्टच्या मागील दोन चाकांच्या मध्यांतील अंतर १.२ मीटर धरूं या. गाडीनें अर्धवर्तुळाकार वळण घेतलें तर बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां १.२ गुणिलें २२/७, म्हणजे सुमारें ३.७७ मीटर अधिक चालावें लागतें. गंमत अशी कीं वळण लहान असो वा मोठें, अर्धवर्तुळाचा हा फरक बदलत नाहीं. मग जीं चाकें एकाच आंसाला जखडलेलीं आहेत त्यांनीं हे पावणेचार मीटर आणावे कोठून?

या कोड्याचीं उत्तरें आपल्या आसपासच दिसतात. बैलगाडीचा आंस स्थिर असतो आणि चाकें त्यावर सुटीं फिरतात; तिच्यापुढें हें कोडेंच नाहीं. मोटारीच्या एंजिनानें फिरणाऱ्या आंसांत डिफरन्शियल नांवाची दांत्यांची रचना असते, ती दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देते. पनवेल-कर्जत मार्गावरून जाणारी आगगाडी पाहा. तिचीं चाकें कार्टप्रमाणेंच आंसाला जखडलेलीं असतात, परंतु त्यांच्या धांवा किंचित् निमुळत्या असतात. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचें चाक आपल्या मोठ्या घेरावर व आंतलें लहान घेरावर चालतें, आणि हिशेब मिटतो. कार्टजवळ यांपैकीं एकहि सोय नाहीं. तिचा उपाय अगदीं निराळा आहे: वळणांत शिरतांच ती मागचें आंतलें चाक जमिनीवरून किंचित् उचलते. चाक अधांतरीं असलें म्हणजे तें घासण्याचा प्रश्नच उरत नाहीं. वळण संपत आलें कीं तें चाक पुन्हां जमिनीला टेकतें आणि गाडी सरळ पळूं लागते.

हें उचलणें घडतें कसें, तें घरच्या बाजेवरून समजेल. बाजेच्या पुढच्या डाव्या पायाखालीं एक वीट सरकवा. बाज आतां पुढचा डावा आणि मागचा उजवा या दोन पायांवर तोलून डगमगूं लागेल. अशा वेळीं कोणी उजव्या अंगाला बसला तर पुढचा उजवा पाय खालीं टेकेल आणि मागचा डावा पाय हवेंत जाईल. कार्ट डावीकडे वळवितांना हेंच घडतें. तिच्या पुढल्या चाकांच्या उभ्या खिळी, सायकलीच्या पुढल्या दांड्याप्रमाणें, मागें कललेल्या असतात. या कलास कारखान्यांत कॅस्टर म्हणतात. त्या कलामुळें सुकाणूचक्र डावीकडे फिरवितांच पुढलें डावें चाक चौकटीच्या मानानें खालीं दाबलें जातें आणि उजवें वर चढतें. ही झाली पायाखालची वीट. वळणाच्या जोरानें चालकाचें वजन बाहेर, म्हणजे उजवीकडे, झुकतें. हा झाला उजव्या अंगाला बसणारा माणूस. आणि चौकटीच्या नळ्या थोड्या पिळल्या जातात, त्या पिळांतच स्प्रिंगेचें काम उरकलें जातें.

पण वजन बाहेर झुकण्यास जोर कोठून येतो? तो जमिनीच्या पकडींतून येतो. टायर जमिनीस जितका घट्ट धरील तितकें वळण जोरानें घेतां येतें, आणि तितकें वजन बाहेर झुकतें. म्हणून जमिनीची पकड बदलली कीं चाकाचें उचलणेंहि बदलतें. पकड कमी असली तर चाक पुरेसें उचललेंच जात नाहीं. पकड फार असली तर तें अधिक उंच आणि अधिक वेळ उचललें जातें. एका जमिनीवर उत्तम धांवणारी गाडी दुसऱ्या जमिनीवर, नव्हे, त्याच जमिनीवर दुसऱ्या प्रहरीं हट्टी कां होते, त्याचें कारण हें आहे. आमच्या भागांतील माणसास हें सांगावयास नको. मृगाचा पहिला शिडकावा झाला कीं वर्षभर सांचलेलें तेल आणि धूळ डांबरावर तरंगूं लागतात आणि दुचाक्या घसरतात. चार दिवस धो धो पाऊस पडून रस्ता धुतला गेला म्हणजे तोच ओला रस्ता पुष्कळ बरा वागतो. रस्ता तोच, पकड निराळी.

कार्टच्या मार्गावर पकड वाढण्याचें आणखी एक कारण असतें. टायरांचें रबर झिजून डांबरावर बसतें. सकाळीं मार्गावर धूळ असते, डांबर थंड असतें. अशा मार्गास खेळाडू ‘हिरवा’ म्हणतात. गाड्या फिरत जातात तशी ज्या रेषेवरून त्या जातात तेथें रबराचा काळा थर बसतो, ऊन डांबर तापवितें, आणि दुपारपर्यंत तीच रेषा टायरास चिकटून धरूं लागते. मध्येंच पाऊस आला तर हा थर धुपूं लागतो. आणखी एक चमत्कार असा कीं, कोरड्या दिवसांत जी रबराची रेषा सर्वांत भरवशाची, तीच पावसांत सर्वांत निसरडी होते. म्हणून जाणते चालक पावसांत नेहमींची रेषा सोडून वळणाच्या बाहेरच्या अंगानें, उघड्या डांबरावरून जातात.

आतां गाडीचीं लक्षणें पाहूं. पकड कमी असतां मागचीं दोन्ही चाकें जमिनीवरच राहतात व गाडीला सरळ ढकलूं लागतात. सुकाणूचक्र फिरविलें तरी नाक वळणाबाहेर जातें. किंवा मागील बाहेरच्या टायरावर पुरेसा दाब न आल्यामुळें शेपूट सटकतें. पकड अति झाली तर गाडी वळणाच्या मध्यांत उड्या मारूं लागते, दोन चाकांवर उलटूं पाहते, आणि वळणांतून निघतांना एंजिन कोणीं मागून ओढल्यासारखें गुदमरतें. वैद्य जसा नाडी पाहून औषध देतो, तसें हें लक्षण ओळखून पान्यास हात घालावा.

पहिला उपाय टायरांतील हवेचा, कारण तो सर्वांत स्वस्त आणि सोपा. कोरड्या टायरांत थंड असतांना दर चौरस इंचास १० ते १५ पौंडांच्या आसपास दाब ठेवतात. नेमका आंकडा टायराच्या जातीवर अवलंबून असतो. टायर तापला कीं हा दाब वाढतो. किती वाढतो, याचा हिशेब शाळेंतल्या नियमानें करतां येईल. २७ अंशांवर टायरांत १२ पौंड हवा आहे. त्यांत वातावरणाचे १४.७ पौंड मिळविले कीं २६.७ होतात. टायर ५७ अंशांपर्यंत तापला म्हणजे निरपेक्ष उष्णतामान ३०० वरून ३३० झालें, अर्थात् एकदशांश वाढलें. दाबहि एकदशांश वाढून सुमारें २९.४ होईल, आणि मापकावर १४.७ पौंड दिसतील. म्हणून थंड सकाळीं, टायर लवकर तापावा यासाठीं हवा किंचित् अधिक भरतात. तापलेल्या, चिकट दुपारीं ती आधींच कमी करून निघतात.

दुसरा उपाय मागील रुंदीचा. पेंढ्यानें उंच भरलेली बैलगाडी आणि पसरट लादलेली बैलगाडी यांपैकीं वळणावर कोणती लवकर कलते, हें शेतकऱ्याच्या मुलास विचारावें लागत नाहीं. पाया अरुंद व भार उंच असला कीं वजन झटकन् बाहेर झुकतें. मागचीं चाकें आंसावर आंत सरकविलीं तर पाया अरुंद होतो, बाहेरचा टायर जमिनींत अधिक दाबला जातो आणि आंतलें चाक सहज उचललें जातें. म्हणून निसरड्या जमिनीवर मागील रुंदी कमी करावी, आणि चिकट जमिनीवर ती नियमानें दिलेल्या मर्यादेपर्यंत वाढवावी. मोठ्या गटांत ही मर्यादा साधारणतः १४० सेंटिमीटर असते. चाकें सरकवावयाचीं तीं दर बाजूस पांच पांच मिलिमीटरांनीं, आणि दोन्ही बाजूंस सारखीं.

तिसरा उपाय पुढील रुंदी व कॅस्टर यांचा, आणि हे दोघे सख्खे भाऊ आहेत. पुढचीं चाकें बाहेर काढलीं तर सुकाणूचक्र फिरवितांना बाजेखालची आपली वीट अधिक जाड होते; कॅस्टर वाढविलें तरी तोच परिणाम. निसरड्या जमिनीवर दोन्ही वाढवावीं, चिकट जमिनीवर दोन्ही कमी करावीं. मात्र कॅस्टर वाढलें कीं सुकाणूचक्र जड होतें, आणि लहान मुलाचे हात दहा फेऱ्यांत थकतात, हें ध्यानांत ठेवावें. थकलेल्या हातांनीं मिळविलेली पकड कामास येत नाहीं.

चौथा उपाय बैठकीचा. मोठा चालक बसलेल्या कार्टचें एकूण वजन दीडशे किलोग्रॅमच्या थोडें वर असतें, आणि त्यांतील सर्वांत मोठा वांटा खुद्द चालकाचा. म्हणून बैठक सेंटिमीटरभर वर नेणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. बैठक उंच केली कीं वजन लवकर झुकतें, खालीं नेली कीं उशिरां. पुढें-मागें सरकविण्याचा हिशेब गाडीवानास ठाऊक आहे: माल मागें अधिक झाला कीं गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. कार्ट उलाळ झाली कीं पुढचीं चाकें हलकीं होतात आणि नाक वळत नाहीं. परंतु बैठक हलविणें म्हणजे भोकें, बोल्ट व आधारपट्ट्या यांचा खटाटोप. तो शर्यतीच्या दिवशीं करूं नये, घरीं करावा.

पावसांत हे सर्व उपाय एका दिशेनें टोंकापर्यंत न्यावे लागतात: खांचांचे टायर, पुढली रुंदी पूर्ण, मागली कमी, कॅस्टर भरपूर. जे बोल्ट गाडीचा ताठपणा वाढविण्यापुरतेच आहेत तेवढेच किंचित् सैल सोडून चौकट मऊ करण्याची रीतहि आहे. सुकाणूचे, ब्रेकचे व चाकांचे बोल्ट मात्र केव्हांहि सैल असतां कामा नयेत. आणि आभाळ उघडलें कीं हें सारें परत फिरवावें लागतें. कोरड्या मार्गावर पावसाची जुळणी राहिली तर गाडी उलटण्याची भीति असते. ब्राझीलचा आयर्टन सेना हा पुढें तीन वेळां जगज्जेता झाला. तो १९७९ आणि १९८० या दोन्ही सालीं कार्टच्या जागतिक स्पर्धेंत दुसरा आला होता. लहानपणीं पावसांतल्या एका शर्यतींत त्याची फजिती झाली, तेव्हांपासून पाऊस लागला कीं तो मुद्दाम कार्ट घेऊन मार्गावर जाई, असें तो सांगत असे. कोंकणांतल्या मुलांनीं या गोष्टीवर विचार करावा. पाऊस ही आपली अडचण नसून आपली फुकट मिळालेली शाळा आहे.

आतां पद्धतीविषयीं दोन शब्द. एका वेळीं एकच बदल करावा. हवा कमी केली, चाकें सरकविलीं आणि कॅस्टरहि फिरविलें, मग गाडी सुधारली तरी कशानें सुधारली हें कळत नाहीं, आणि बिघडली तर परतीची वाट सांपडत नाहीं. एक वही ठेवावी. तींत दिवस, प्रहर, ऊन कीं ढग, हवेचा दाब, रुंदी, फेरीचा वेळ, आणि चालकाच्या तोंडचें एक वाक्य एवढें लिहावें. हें वाक्य विचारतांना ‘गाडी कशी आहे?’ असें मोघम विचारूं नये. वळणांत शिरतांना, वळणाच्या मध्यांत आणि बाहेर पडतांना, असे तीन निरनिराळे प्रश्न विचारावेत. कारण रोग तीन ठिकाणीं निरनिराळा असूं शकतो. शिवाय मार्ग स्वतः बदलत असतो. दुपारीं फेरी जलद झाली ती आपल्या पान्यामुळें कीं डांबरावर बसलेल्या रबरामुळें, हें ठरविण्यासाठीं बदल पुन्हां पूर्ववत् करून एकदां पाहावें.

पालकांना मला हें सांगावयाचें आहे. हा खेळ महाग आहे, आणि फेरीचा वेळ सुधारत नाहीं असें दिसलें कीं दोनच गोष्टी सुचतात: नवे टायर आणावे, नाहीं तर मुलाला बोल लावावा. पहिलींत पैसा जातो, दुसरींत मुलाचा धीर जातो. हवेचें मापक, मोजपट्टी, पाना आणि वही यांनीं जें होतें तें आधीं करून पाहा. मी वर सांगितलेल्या उपायांपैकीं हवा आणि मागील रुंदी यांना एक पैसाहि पडत नाहीं. मुलगा ‘गाडी वळत नाहीं’ असें म्हणाला तर तो सबब सांगतो आहे असें गृहीत धरूं नका. आधीं जमिनीवर हात टेकवून पाहा. बोटांना धूळ लागते कीं काळें रबर लागतें, एवढ्यावरूनहि त्याच्या म्हणण्यांत तथ्य किती, याचा अर्धा निवाडा होतो.

ज्यांना शर्यत करावयाची नाहीं, नुसती भाड्याच्या कार्टवर पांच मिनिटें हौस भागवावयाची आहे, त्यांच्यासाठीं एक सूचना. ज्या उघड्या फिरत्या आंसाविषयीं मी इतका वेळ बोललों, तो बसणाऱ्याच्या अगदीं पाठीशीं असतो. हरियाणांतील पिंजोर येथें २०१८ सालीं आणि हैदराबादेजवळ २०२० सालीं कार्टमध्यें केंस अडकून दोन तरुण स्त्रिया प्राणांस मुकल्या. केंस घट्ट बांधून शिरस्त्राणाखालीं घेतल्याखेरीज, ओढणी व सैल पदर काढून ठेवल्याखेरीज कोणासहि बसूं देऊं नका, आणि तेथील नोकर घाई करीत असला तर खुशाल उतरून या.

तात्पर्य, पकड ही एकट्या टायराची नव्हे कीं एकट्या रस्त्याची नव्हे. ती दोघांच्या भेटींत उत्पन्न होते, आणि ती भेट प्रहराप्रहरास बदलते. जमीन निसरडी असेल तर वजन झुकण्यास साह्य करा; जमीन चिकट असेल तर वजनास आवरून धरा. हें एक सूत्र पाठ असलें कीं बाकीचे उपाय त्यांतून आपोआप निघतात, आणि कोणता पाना कोणत्या दिशेस फिरवावा हें दुसऱ्यास विचारण्याची पाळी येत नाहीं. जमीन आपल्या हातीं नाहीं. तिच्याशीं जुळवून घेणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.